सोबतची व्यक्ती

‘सोबत कोण आहे?’ असं काउंटरवरच्या मुलीनं विचारलं आणि मी सवयीनं ‘आहे एक जण’ असं सांगून मोकळी झाले. तिनं वरही न बघता रकान्यात एकचा आकडा टाकला, दोन पास फाडले, पिवळा माझा आणि निळा त्या एकाचा, दोन्ही माझ्या हातात कोंबले आणि पुढच्या माणसाला हाक मारली. चार पावलं गेल्यावर मला कळलं की मी काय करून बसले. निळ्या पासावर छापलं होतं, सोबतची व्यक्ती. खाली बारीक अक्षरात, सोबतच्या व्यक्तीची सही झाल्याशिवाय पेशंटला ऑपरेशनसाठी नेले जाणार नाही. आणि माझ्यासोबत, तिथल्या कोणाही शहाण्या माणसाला विचारलं असतं तर, कोणीही नव्हतं. एक हिरवी पिशवी होती, तिच्यात दोन साड्या, टूथब्रश आणि गळ्याचे रिपोर्ट. सरळ मागे फिरून ‘अगं, चूक झाली, मी एकटीच आहे’ असं सांगायला हवं होतं. पण एकट्या पेशंटला इथं घेत नाहीत, हे मला आधीच फोनवर बजावलेलं होतं. डॉक्टर परवापासून सहा आठवडे बाहेर जाणार होते. गळ्यातली गाठ लिंबाएवढी झालेली, उताणी झोपले की श्वास अडकायचा, तिला सहा आठवडे थांब म्हणून सांगणार कोण. म्हणून मी दोन्ही पास पिशवीत टाकले आणि मोठ्या ऐटीत जिना चढून दुसऱ्या मजल्यावरच्या अकरा नंबरच्या खाटेवर जाऊन बसले. खाटेशेजारी एक खुर्ची होती आणि एक स्टूल. मी पिशवी खाटेखाली सरकवली, खुर्चीवर नाही ठेवली. ही पण सवयच.

ही सवय आईची. बाबा गेले तेव्हा ताई दहा वर्षांची आणि मी सहाची. तेव्हापासून घरात किती माणसं असं कोणी विचारलं की आई म्हणायची, तिघी आणि एक. हे ती हात जोडून, डोळे मिटून वगैरे म्हणत नसे. शिवणयंत्राच्या सुईत दोरा ओवता ओवता म्हणायची. दाराला कुलूप लावताना आत डोकावून ‘येतो आम्ही, घराकडे लक्ष असू दे’ असं सांगायची, आणि परत आल्यावर दूध उतू गेलेलं दिसलं की त्याच्यावरच चिडायची, लक्ष कुठं होतं म्हणून. एकदा शिरगणतीवाला आला. आई म्हणाली, चार. त्यानं चौथ्याचं नाव विचारलं, तर आई म्हणाली, नावं बरीच आहेत, कुठलं लिहिताय? वय? माझ्यापेक्षा मोठा. कामधंदा? घरीच असतो. त्या बापड्यानं ‘बेकार’ असं लिहिलं आणि गेला. तेव्हा पुढच्या शिरगणतीपर्यंत, म्हणजे चांगली दहा वर्षं, देव आमच्या घरात सरकारी कागदावर बेकार म्हणून राहत होता. ताईला हे आठवलं की ती अजून पोट धरून हसते, आणि हसून झालं की म्हणते, चुकीचं काय लिहिलं त्यानं. ताईचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. माझा आहे की नाही हे मला कोणी कधी विचारलंच नाही. घरात चौथा माणूस आहे असं ऐकत वाढलेल्या मुलीला त्याच्यावर विश्वास आहे का असं कोण विचारणार? तो असायचा. खोली रिकामी करायला मालकानं दिलेले तीन दिवस संपले तेव्हा आम्ही सामान घेऊन फुटपाथवर बसलो होतो. मी रडत होते आणि आई म्हणत होती, रडतेस काय, चौघं आहोत आपण. मी हुंदके देत विचारलं, मग चौथा कुठाय? आई म्हणाली, एवढं सामान कोणी धरून ठेवलंय असं वाटतं तुला? मी बघितलं. तीन गाठोडी, पत्र्याची पेटी आणि शिवणयंत्र, सगळं भिंतीला टेकून सरळ उभं होतं, एकही घसरलेलं नव्हतं. माझी पूर्ण खात्री पटली. संध्याकाळच्या आत दुसरी खोली मिळाली, पण खात्री आधी पटलेली होती.

मी बोलायची नोकरी करते. बसस्टँडवर माइकवरून गाड्या सांगते. फलाट क्रमांक चारवरील गाडी सुटण्याच्या तयारीत आहे, प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात, सावकाश जा. हे ‘सावकाश जा’ नियमात नाही. एका साहेबानं एकदा त्यावर कागद काढला होता, त्याला मी विचारलं की मग जोरात जा म्हणू का. त्यानं कागद परत घेतला आणि माझं ‘सावकाश जा’ राहिलं. माझ्या केबिनला खिडकी आहे, पण ती वर्कशॉपच्या भिंतीकडे उघडते, त्यामुळे एकोणीस वर्षांत मी एकाही गाडीला माझ्या तोंडानं सुटताना पाहिलेलं नाही. समोर कागद, घड्याळ आणि माइक. बाहेर माणसं आहेत, गाड्या आहेत, हे आपलं धरून चालायचं. पहिल्याच वर्षी एकदा माइकची वायर आतून तुटली आणि कोणाच्या लक्षातच आलं नाही. अर्धा दिवस मी बोलत होते आणि बाहेर एक अक्षर पोचत नव्हतं. गाड्या आपल्या मनानं सुटल्या, प्रवासी इकडून तिकडे धावले, आणि मी आत बसून अगदी मन लावून, शब्द न् शब्द सुटा करून, भिंतीला सावकाश जा म्हणत होते. दुपारी कळलं तेव्हा सगळे हसले, मीही हसले, पण घरी जाऊन मी पांघरूण घेऊन पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली गाडी पुकारली आणि बाहेरून दोन छोटे हॉर्न आले, पों पों. मग दुसऱ्या गाडीचे आले. कोणी सुरू केलं ते मला माहीत नाही, पण तेव्हापासून आमच्या स्टँडवर हीच रीत पडली. मी गाडी पुकारायची, ड्रायव्हरनं दोन हॉर्न द्यायचे, म्हणजे ऐकलं. नवीन ड्रायव्हर आला की जुने त्याला आधी हे शिकवतात, मग गियर कुठं अडकतो ते. मी त्यांच्या हॉर्नवरून त्यांचे स्वभाव ओळखते. चेहरे बघितले तर एकाचंही नाव सांगता येणार नाही.

आता यात लाजिरवाणी गोष्ट अशी की त्या ‘आहे एक जण’शी मी तीन महिने बोललेच नव्हते. अबोला धरला होता. गाठ सापडली त्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर गळा काढून दाखवला, गाठीच्या मागून आवाजाची नस जाते म्हणाले, दहांतल्या नऊ जणांना काही होत नाही. मी विचारलं, दहाव्याचं? ते म्हणाले, दहाव्याचा आवाज जातो, किंवा नुसती हवा येते. घरी आले, कुलूप काढलं, आत पाऊल टाकलं आणि रोजच्यासारखं ‘आले रे’ म्हणायच्या जागी तोंड घट्ट मिटून घेतलं. तुला घ्यायचाच आहे ना आवाज, मग आतापासूनच सवय करून घे. असं मनात म्हटलं, पण त्याला ऐकू जाईल असं नाही म्हटलं. हे कसं करतात ते मला विचारू नका, पण आमच्याकडे ते जमायचं. आईसुद्धा त्याच्याशी आठ आठ दिवस बोलायची नाही. तरी माणसं मोजताना त्याला धरायची, कारण अबोला धरला म्हणून कोणी घरातलं माणूस वजा करत नाही. पण तीन महिने जरा जास्तच झाले. एकटी जेवताना, कपडे वाळत घालताना, मला सारखा तो तुटक्या वायरचा अर्धा दिवस आठवायचा. आई आयुष्यभर बोलली, मी पन्नास वर्षं बोलले, आणि समजा त्या बाजूला वायरच नसली तर? समजा आम्ही दोघी मायलेकी भिंतीलाच सावकाश जा म्हणत आलो असलो तर? तिकडून काही हॉर्न येत नाहीत. हे मनात आलं की घास हातातच राहायचा, आणि तेव्हासुद्धा मला वाटायचं की तो बाजूला उभा राहून ऐकतोय आणि मी बोलत नाही म्हणून तोही बोलत नाही. म्हणजे पंचाईत बघा, त्याच्या नसण्याची भीती वाटायची तीसुद्धा त्याच्या देखत.

ताईला काल फोनवर सांगितलं. तिचा पाय प्लास्टरमध्ये आहे आणि ती राहते दोन दिवसांच्या प्रवासावर, तिनं यायचा प्रश्नच नव्हता. तिनं विचारलं, बरोबर कोण आहे? मी म्हटलं, आहे एक जण. ताई माझीच बहीण, तिला तत्क्षणी कळलं. म्हणाली, “अगं बये, त्याला सही करता येते का?” मग तिनं मला अर्धा तास फैलावर घेतलं. ऑफिसात सांगितलंस का, शेजारी सांगितलंस का. मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. आवाजावर पोट असलेल्या बाईनं आवाज जाणार आहे असं सांगत कुठं फिरायचं? आठ दिवस बहिणीकडे जाते, असा रजेचा अर्ज टाकला होता. फोन ठेवताना ताईचा स्वर एकदम बदलला. म्हणाली, आई असती तर तिनंही असंच केलं असतं, दोघी सारख्याच हट्टी. आणि रडली. मला तिची समजूत काढता काढता माझं रडायचं राहूनच गेलं. सकाळी सहाच्या शहर बसनं आले. दांडीला धरून पुढं उभी राहिले, ड्रायव्हरला म्हटलं, हॉस्पिटलचा थांबा आला की सांगाल का. त्यानं आरशात एकदा पाहिलं आणि मान हलवली. मी उतरून रस्ता ओलांडत होते तेव्हा मागून बसचा हॉर्न वाजला, दोनदा, छोटा. मी दचकले आणि लगेच स्वतःलाच हसले. सुट्टीवर आहेस बाई, रस्ता बघ.

खाटेवर बसून हे सगळं आठवतेय, नर्सनं हिरवा झगा दिला, तो घातला, नाडी मागे बांधायची असते ती पुढे बांधली, परत सोडली, तेवढ्यात छतातल्या भोंग्यातून आवाज आला. खाट क्रमांक अकराच्या सोबतच्या व्यक्तीने ताबडतोब तळमजल्यावरील काउंटरवर यावे. काउंटरवरचीच मुलगी. माइक फार तोंडाजवळ धरला होता, शब्द फुटत होते, आणि ‘ताबडतोब’मधला एक त खाल्ला. माझ्या हाताखाली आठवडाभर दिली तर सुधारेल, असं माझ्या मनात आलं आणि मग ती कोणाला बोलावतेय ते डोक्यात शिरलं. शिरलं आणि मला जे हसू फुटलं ते आवरेना. पन्नास वर्षं आम्ही त्याला नुसता धरून चाललो, आणि आज त्याला सगळ्या इमारतीत ऐकू जाईल असं, माइकवरून, ताबडतोब काउंटरवर बोलावलं होतं. समोरच्या खाटेवरची आजी माझं हसू बघून हसायला लागली. दहा मिनिटांनी पुन्हा पुकारलं. यावेळी हसू आलं नाही. मी दाराकडे बघितलं, खरंच बघितलं, पन्नाशी उलटलेली बाई आणि दाराकडे बघत बसली. दारातून चादरींची गाडी आली आणि गेली. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा नर्स माझ्यापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, काकू, तुमचं माणूस कुठं गेलंय, दोन वाजता तुम्हाला आत घ्यायचंय, सही नसली तर डॉक्टर पुढचा पेशंट घेतील. मी म्हटलं, खाली जाऊन बघते. झग्यावर शाल घेतली आणि जिना उतरायला लागले. एकेक पायरी उतरताना पक्कं ठरवत गेले की खरं सांगायचं, कोणी नाही म्हणायचं, पिशवी उचलायची आणि घरी जायचं. ‘कोणी नाही’ हे दोन शब्द मी जिन्यात तीनदा म्हणून बघितले. अख्ख्या आयुष्यात हे शब्द मी या कामासाठी कधी वापरले नव्हते आणि तोंडातून ते काही केल्या नीट बाहेर पडत नव्हते, गाठीचं निमित्त असेल.

काउंटरवर एक माणूस आधीच उभा होता. खाकी कपडे, टोपी हातात, मानेवर घामाचा पट्टा. मी त्याच्या मागे उभी राहिले. तो त्या मुलीला सांगत होता की सकाळी सहाच्या गाडीनं एक बाई आल्यात, हिरवी पिशवी आहे, आणि बोलताना वाक्याच्या शेवटी आवाज अलगद खाली ठेवतात. मुलगी म्हणाली, अकरा नंबर असणार, त्यांचाच माणूस शोधतेय मी मघापासून, तुम्हीच का? तो म्हणाला, “हो, मी आहे त्यांच्याबरोबर.” तिनं पेन उचललं आणि नातं विचारलं. तो टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, “सतरा वर्षं ऐकलंय त्यांना.” मुलगी वैतागली. “मग मिस्टर म्हणा ना सरळ.”

त्याचे कान लाल झाले ते मला मागून दिसले. मी म्हटलं, अगं, मिस्टर नाहीत ते. तो आवाजावर गर्रकन वळला. पंचावन्न-छप्पन्नचा असेल, एक भुवई अर्धी पांढरी, एरवी रस्त्यात भेटला असता तर मी दुसऱ्यांदा बघितलंही नसतं. त्यानं एखाद्या पोरासारखी मान खाली घातली आणि सांगितलं की दोन वर्षांपासून तो शहर बसवर आहे, त्याआधीची सगळी वर्षं आमच्या स्टँडवर होता, फलाट चार. सकाळी थांबा विचारला तेव्हाच त्यानं ओळखलं. पण आवाज नेहमीचा नव्हता, त्यात काहीतरी कमी होतं. मग चैन पडेना. ड्यूटी संपली, डेपोत गाडी लावली आणि आला. मी विचारलं, सकाळी हॉर्न तुम्ही दिलात? तर म्हणाला, “ऐकलं म्हणून सांगायला नको?” तो हळूच म्हणाला की वायर तुटली होती त्याच्या दुसऱ्या दिवशीचा पहिला हॉर्न पण त्याचाच होता. मुलीनं तेवढ्यात पेननं काउंटरवर ठोकलं, नातं काय लिहू? तो म्हणाला, ओळखीचे, असं लिहा. मग त्यानं सही केली. सावकाश, जीभ दातांत धरून, शेवटी खाली रेघ मारून. मी पिशवीतून आणलेला निळा पास त्याला दिला नाही. का ते सांगता येणार नाही, पण दिला नाही. मुलीला म्हटलं, यांच्यासाठी अजून एक फाड. ती म्हणाली, काकू, एका पेशंटला एकच. मी म्हटलं, मग यांना असंच वर सोड, सही तर यांनीच केलीय. तिनं माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि कंटाळून सोडलं.

देवानंच पाठवला हो, असं म्हणायचा मोह झाला नाही असं नाही. पण मला ते बरं वाटेना. हा माणूस पहाटेपासून गाडी हाकून, जेवण सोडून, स्वतःच्या पायांनी आला होता, त्याचं श्रेय मी परस्पर दुसऱ्याला का देऊ? त्याचं त्याला. मला फक्त एवढंच जाणवलं की जिन्यात ते दोन शब्द नीट निघत नव्हते ते बरंच झालं. खोटे होते म्हणूनच निघत नव्हते. सकाळी बसमध्ये दांडीला धरून मी उभी होते तेव्हा तो, आमच्या घरातला चौथा, होता, काउंटरवर मी सवयीनं बोलून गेले तेव्हा होता, ताई रडली तेव्हा होता, आणि हा सही करणारा आला नसता, मला घरी जावं लागलं असतं, तरी कुलूप काढताना तो असणारच होता. मघाशी तीनदा पुकारलं तेव्हा तो आला नाही, कारण कुठून येणार? गेला होता कुठं? हे मी ट्रॉलीवर आडवी पडून, वरचे दिवे एकामागून एक सरकताना बघत होते तेव्हा कळलं, आणि तीन महिन्यांचा अबोला मी तिथंच मोडला. मोठी प्रार्थना वगैरे सुचली नाही. नाकावर मास्क यायच्या आधी, खरखर होत होती त्या आवाजात म्हटलं, “येते मी. घराकडे लक्ष असू दे.” भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या, घरचे सगळे ठीक आहेत, काळजी नका करू. मी म्हटलं, माहितीय.

जाग आली तेव्हा गळ्याला पट्टी होती आणि वर डॉक्टरांचा चेहरा. गाठ गेली, साधी होती, असं म्हणाले. मग म्हणाले, काहीतरी बोला. मी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. पुन्हा उघडलं, पुन्हा हवा. डॉक्टरांचा चेहरा तसाच होता, पण त्यांनी नर्सकडे एकदा पाहिलेलं मला दिसलं. भीती वाटली, खूप वाटली. मी वायर तुटलेल्या दिवशी बोलत होते तसंच बोलायचं ठरवलं, पोचो न पोचो. म्हटलं, फलाट क्रमांक चारवरील. ‘फलाट’ हवेतच गेला, ‘क्रमांक’ घासत घासत आला, ‘चार’ जाड, दुसऱ्याच कोणाचा तरी आल्यासारखा. पण आला. सुटण्याच्या तयारीत आहे. प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात. शेवटचं ‘सावकाश जा’ मी अलगद खाली ठेवलं, आणि ते माझं होतं, शंभर टक्के माझं. दाराकडून अगदी हळू आवाज आला, पों पों. छप्पन्न वर्षांचा माणूस खाकी कपड्यात दारात उभा राहून तोंडानं हॉर्न देत होता आणि त्याचे डोळे भरलेले होते. डॉक्टरांनी चमकून मागे पाहिलं. मला हसता येत नव्हतं, गळा ओढत होता, तरी मी हसले, आणि हसता हसता काल राहून गेलेलं रडूनही घेतलं.

संध्याकाळी अकरा नंबरवर आणलं. ड्रायव्हर खुर्चीत बसला होता, स्टुलावर त्याची टोपी. ताईचा नंबर कागदावर होता, त्यानंच तिला फोन करून सगळं सांगितलं होतं आणि तिनं त्याला सहीबद्दल काहीतरी विचारलं, ते त्याला कळलं नाही म्हणाला. नर्स चादर नीट करायला आली. जाता जाता स्टुलाला हात घालून म्हणाली, काकू, सोबतीला एकच माणूस आहे ना, हे मी शेजारच्या खाटेला देते.

“राहू द्या,” मी म्हटलं. “अजून एक जण आहे.”

नर्सनं दाराकडे बघितलं. ड्रायव्हरनं हात लांब करून स्टुलावरची आपली टोपी उचलली आणि मांडीवर ठेवली.